गाडी चालवायला शिकलो, थांबवायला कोण शिकवणार?

वाचकांचे प्रश्न, ड्रायव्हरकाकांची उत्तरं

मागच्या अंकात टायरवर बोललो तेव्हा शेवटी एक ओळ टाकली होती की ट्रकच्या लाईनवर नवीन आलेल्या पोरांनी पण लिहा, काय अडतंय ते. पत्रं बरीच आली आणि बहुतेकांत गाडीबद्दल फारसं काही नव्हतंच, झोप, शेठ, घर आणि भीती हेच सगळ्यांत. त्यातली चार घेतोय, नावं गाळलीत. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी २३ वर्षं दहा टायरची गाडी चालवली, आता गुडघ्यामुळे सोडली, कराडला असतो, दोन गाड्या आहेत त्या दुसरी पोरं चालवतात. म्हणजे ड्रायव्हरची बाजू पण माहितीय आणि गाडीमालकाची पण.

प्रश्न : काका नमस्कार. मी आष्टी तालुक्यातला, जिल्हा बीड, वय २४. दीड वर्ष मामाच्या गाडीवर किन्नर (क्लीनर) होतो मग लायसन काढलं, आता चार महिने झाले ३२ फुटी कंटेनर चालवतोय, एकटाच असतो. चाकणला पार्ट भरायचे, चेन्नईच्या अलीकडे ओरगडमला खाली करायचे, येताना जे मिळेल ते. गाडी चालवायची भीती नाही वाटत पण बाकी सगळ्याचीच वाटते. शेठ म्हणतो ४८ तासात पोचव, गाडीला जीपीएस आहे, अर्धा तास उभी राहिली की फोन, का थांबलास. दिवसा कॅबिनमध्ये झोप लागत नाही आणि रात्री स्टिअरिंगवर डोळे मिटतात. कंपनीत रिव्हर्स लावताना गार्ड ओरडतो, भाषा कळत नाही, मागे गाड्या हॉर्न देतात, हात थरथरतात. मागच्या ट्रिपला गाडी खाली व्हायला १६ तास गेले त्याचे काही मिळाले नाहीत, उलट दोन बॉक्स कमी भरले म्हणून माझ्याच पगारातनं कापले. रात्री कधीकधी छातीत धडधडतं, वाटतं गाडी इथंच लावावी आणि एसटी धरून घरी जावं. घरी बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे. मित्र म्हणतात तुझं बरंय, फिरायला मिळतं. मी या कामाच्या लायकीचा नाही का?

उत्तर : लायकीचं नंतर बोलू बाळा, आधी हिशोब करू. चाकण ते ओरगडम साडेअकराशे-बाराशे किलोमीटर धर. घाट, टोल, बेंगळुरूची गर्दी सगळं धरून भरलेल्या गाडीला ४५ चं अ‍ॅव्हरेज पडलं तरी खूप झालं. म्हणजे नुसतं स्टिअरिंगवर २६-२७ तास. ते ४८ तासात बसवायचे तर रोजचे १३-१४ तास झाले, आणि उरलेल्या वेळात डिझेल, जेवण, अंघोळ, पंक्चर, नो एन्ट्री आणि झोप, एकट्या माणसाने. आपल्याकडे १९६१ साली मोटार कामगारांचा कायदा झाला त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ असं लिहिलं होतं, लांबच्या पल्ल्याला सूट देऊन देऊन १० आणि ५४, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. म्हणजे तेव्हाच्या लोकांना पण कळलं होतं. रोजचे १० तास धरले तर तुझी ट्रिप तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचते. तुझ्या खिशातल्या ई-वे बिलाकडे, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाकडे बघ, त्यात २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणजे कागद तुला ६ दिवस देतोय आणि शेठ दोन. तुझा ताण चाकणला गाडी भरतानाच भरला जातो, पार्टच्या बॉक्सबरोबर. तो घेऊन निघायचं की नाही हे पण तिथेच ठरतं, वाटेत चित्रदुर्गला रात्री दोन वाजता ठरत नाही.

म्हणून पहिलं काम हे कर. पुढच्या ट्रिपला गाडी हलायच्या आधी शेठला सांग, तोंडी सांग आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाक, की शेठ, मी रोज १० तास चालवीन, रात्री १२ ते ५ गाडी उभी राहील, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटवर असेन. आणि वाटेत थांबलास की त्याचा फोन यायच्या आधी तूच मेसेज टाक, कुठे थांबलोय, किती वाजता निघणार. मी आता मालक म्हणून सांगतो, गाडी उभी दिसली की मालकाच्या डोक्यात आधी ब्रेकडाऊन येतो, मग अपघात, मग डिझेल, आणि तो घाबरून फोन करतो, त्याचं घाबरणं तुला ओरडण्यासारखं ऐकू येतं. आधी कळवलं असलं की निम्मे फोन येतच नाहीत. एवढं करूनही जो शेठ ४८ तासच म्हणेल त्याला म्हणावं दुसरा ड्रायव्हर द्या सोबत. ते पण नाही म्हटला तर दुसरा शेठ बघ, खरंच बघ. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून आज प्रत्येक ट्रान्सपोर्टनगरात गाड्या उभ्या आहेत, चार महिन्यांचा का असेना पण प्यायची सवय नसलेला आणि फोन उचलणारा पोरगा कुणालाही हवाय. नाही म्हणायला भीती वाटते कारण कर्ज आहे, कळतंय मला. पण नाही हा शब्द गाडी निघायच्या आधी स्वस्तात पडतो.

झोपेचं. हे मी हलकं लिहूच शकत नाही. माझं दुसरं वर्ष होतं, कोल्हापूरचा गूळ भरून अहमदाबादला चाललो होतो, चारोटीच्या पुढे पहाटेची चार-सव्वाचारची वेळ. मला आठवतंय की मी टोलचा बोर्ड बघितला आणि त्यानंतर किन्नर ओरडला तेव्हा डावी चाकं मातीत होती. मधलं काही आठवत नाही आजपर्यंत. ६० च्या स्पीडला तीन सेकंद डोळा लागला की गाडी ५० मीटर जाते, आंधळी. त्या ५० मीटरमध्ये त्या दिवशी कुणी नव्हतं, बस एवढंच, मी काही केलं म्हणून वाचलो असं अजिबात नाही. पहाटे तीन ते पाच शरीर स्वतःहून बंद पडायला बघतं, दुपारी दोन ते चार त्याचीच छोटी आवृत्ती, आणि हे नवीन-जुना ड्रायव्हर बघत नाही. काच उघडी ठेवणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने दहा मिनिटं निघतात. झोप फक्त झोपेने जाते. डोळे जड झाले, लेन सुटायला लागली, मागचे दोन-चार किलोमीटर आठवेनात, जांभया थांबेनात, यातलं एक जरी झालं की पुढचा पंप आला तिथे लाव. फारच अर्जंट असेल तर आधी कडक चहा पी आणि लगेच २० मिनिटं आडवा हो, चहाचा असर यायला तेवढा वेळ लागतो, उठतोस तेव्हा दोन्ही मिळतं. पण ती फक्त पुढच्या चांगल्या जागेपर्यंत जायची सोय झाली, रात्रीच्या झोपेच्या बदल्यात ती चालत नाही.

आणि इंडिकेटर लावून हायवेच्या कडेला झोपू नकोस कधी, मागून येणारा पण तुझ्यासारखाच डोळे ताणून येत असतो. पंपावर झोप, ढाब्याच्या आत झोप. ऑइल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाने आपल्यासाठी बेड, अंघोळ, स्वतः स्वयंपाक करायची जागा असं केलंय, तुझ्या लाईनवर कुठे आहे ते एकदा विचारून डायरीत लिहून ठेव. दिवसा कॅबिनमध्ये झोप लागत नाही याचं कारण साधं आहे, पत्रा तापतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना कॅबिनला एसी कंपनीतूनच यायला हवा असा नियम झालाय पण तुझी गाडी जुनी असणार, म्हणून दिवसाची झोप धरूच नको, रात्रीचीच पाच तास पक्की धर. काचांना जाड काळा पडदा कर, उभ्या गाडीत लावायला, आणि घरच्यांचा आणि शेठचा नंबर सोडून फोन सायलेंट.

रिव्हर्सबद्दल, खाली उतर. एवढंच. गार्ड ओरडू दे, मागचे हॉर्न देऊ दे, हँडब्रेक ओढ, उतर, मागे चालत जा, डॉक म्हणजे माल उतरवायचा ओटा बघ, वरचा पत्रा बघ, खांब बघ, मग चढ. वीस वर्षांचे ड्रायव्हर उतरून बघतात आणि नवीन पोरं लाजेने उतरत नाहीत, नुकसान कुणाकडून होतं ते तूच सांग. जमेल तिथे गाडी आपल्या म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूने आत घे, खिडकीतून मागचं चाक दिसतं, किन्नर बाजूचा कोपरा आंधळा असतो. भाषेचं म्हणशील तर चार शब्दांचं काम आहे. कन्नडमध्ये हिंदे म्हणजे मागे आणि मुंदे म्हणजे पुढे, तामिळमध्ये पिन्नाडी मागे, मुन्नाडी पुढे, निरुत्तु म्हणजे थांब. हे कळायला लागलं की तो ओरडत नाहीये, सांगतोय, हे पण कळतं. मला तर पुढे त्याच गार्डांनी जेवू घातलंय.

येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलास की नवले पुलापर्यंतचा उतार, तिथे कितीतरी गाड्या लोकांवर गेल्यात. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात, काही तर इंजिनच बंद करतात. बाळा, एअरब्रेकची हवा इंजिनवरच्या कॉम्प्रेसरमधून येते, इंजिन बंद केलंस की ब्रेक दाबशील तशी हवा संपत जाणार, नवीन भरणार नाही, पॉवर स्टिअरिंग पण जड होणार. ज्या गिअरने चढवशील त्याच गिअरने उतरव, एक्झॉस्ट ब्रेक लाव, पाय सारखा ब्रेकवर ठेवू नको, ड्रम तापले की ब्रेक धरत नाहीत. उतारावर वाचवलेलं दोन लिटर डिझेल शेठला कधीच लक्षात राहत नाही.

१६ तास आणि दोन बॉक्सचं. गेटवर पोचलास की गेटएन्ट्रीच्या पावतीचा फोटो काढ, वेळ दिसली पाहिजे, लगेच शेठला पाठव, हॉल्टिंग म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे मागायचे तर ते शेठने मालवाल्या पार्टीकडून मागायचे असतात आणि त्याच्याकडे पुरावा नसला की तो मागत नाही. ठरलेल्या तासांनंतर हॉल्टिंगमधलं तुला किती हे ट्रिपच्या आधी बोलून घे. बॉक्सचं म्हणजे, चाकणला तुझ्यासमोर मोजले का? नसतील तर बिल्टीवर म्हणजे मालाच्या पावतीवर ‘मोजणी ड्रायव्हरसमोर नाही’ असं लिहून घे, सील लावलं असेल तर सीलच्या नंबरचा फोटो काढ. सील जसंच्या तसं पोचलं तर आतल्या कमीजास्तीला ड्रायव्हर कसा जबाबदार, हे विचारायचा तुला हक्क आहे. पोचपावतीवर शॉर्टेजचा शेरा मारला तर सही करण्याआधी फोटो आणि फोन. एक दोनशे पानी वही कर, ट्रिपचे पैसे, भत्ता, टोलचे कॅश दिलेले, कापलेले, सगळं तारखेने लिही. निम्मा ताण हा आपले किती आलेत आणि किती गेलेत हे न कळण्याचा असतो, वही लिहायला लागल्यावर मला स्वतःला पहिल्यांदा नीट झोप लागली होती.

आता छातीतलं धडधडणं. झोप कमी, चहा जास्त, जेवण रात्री अकराला, वर सतत फोन, त्याने होतं असं, पण माझ्या शब्दावर राहू नकोस, घरी आलास की डॉक्टरकडे जाऊन बीपी आणि एक ईसीजी कर. दुखणं छातीतून हातात किंवा जबड्यात गेलं, दरदरून घाम आला तर गाडी जागेवर आणि १०८, कर्नाटक-तामिळनाडूत पण तोच नंबर लागतो. आणि ते एसटी धरून घरी जावं वाटणं, ते कुणाशी तरी बोल. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात, रात्री दोन वाजता पंपावरून लावला तरी चालतो. लाज वाटायचं काही नाही, मी सुरू केलं तेव्हा असं काही असतं तर मी लावला असता.

लायकीचं विचारलंस. चार महिन्यांत तुला कळलंय की तुझं कुठे चुकतंय आणि दुसऱ्याचं कुठे, हे कळायला मला तीन वर्षं लागली. पहिलं वर्ष हीच लाईन धर, जास्त पैशासाठी सारखी लाईन बदलू नकोस, एकच रस्ता दहा वेळा केला की ढाबे ओळखीचे होतात, गार्ड ओळखीचे होतात, कुठल्या वळणाला काय आहे ते हाताला कळतं आणि डोकं रिकामं राहतं. वर्षानंतर पण नकोच वाटलं तर सोड, त्यात कमीपणा नाही. आणि बहिणीला सांग तुला कसं वाटतंय ते. तिच्या लग्नाचं कर्ज आहे, तिला कळायला हवं.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, दहावी नापास, ट्रक चालवायचाय. गावातले म्हणतात लायसन लगेच काढून देतो, पैसे दे. शिक्षण लागतं का? (जामखेड)

उत्तर : शिक्षणाची आठवीची अट २०१९ साली काढली, त्यामुळे ते डोक्यातून काढ. पण वय २० लागतं ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला, आणि हेवीचं लर्निंग मिळायला आधी साध्या चारचाकीचं म्हणजे एलएमव्ही लायसन एक वर्ष जुनं हवं. म्हणून आज एलएमव्हीचं काढ, नियमाने, पैसे चारून नको. २० पूर्ण झालं की छोटा टेम्पो चालव. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की साडेसात टनाच्या आतली मालाची गाडी एलएमव्ही लायसनवर चालते. त्यात भाजीच्या, किराणाच्या फेऱ्या मारल्यास तर माल बांधणं, ताडपत्री, रस्सा, वजनकाटा, सगळं हाताखालून जातं. मग हेवी. पुण्यात भोसरीला सीआयआरटी आहे, तिथे ड्रायव्हिंगचं नीट ट्रेनिंग मिळतं, चौकशी कर. पैसे देऊन मिळालेल्या लायसनने गाडी चालवायला येत नाही आणि पहिल्याच घाटात ते तुला कळेल, तोवर मागे २० टन असतील.

प्रश्न : काका, माझे मिस्टर सहा महिने झाले ट्रकवर जातात, आधी जतला गॅरेजमध्ये होते. दहा-बारा दिवसांनी येतात, आले की दिवसभर झोपतात, उठले की चिडचिड, पोरगी दोन वर्षांची आहे ती त्यांच्याकडे जात नाही मग आणखी चिडतात. झोपेत घोरणं एवढं वाढलंय की मध्येच श्वास थांबल्यासारखं वाटतं मला भीती वाटते. परवा पँट धुताना खिशात कागदात बांधलेली तपकिरी भुकटी सापडली. विचारलं तर म्हणाले औषध आहे, सगळे घेतात. फोन केला तर ओरडतात, नाही केला तर म्हणतात तुला काळजी नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी भुकटीचं बोलतो कारण बाकीचं थांबू शकतं. तो बहुतेक डोडा असणार, अफूच्या बोंडांचा चुरा, मध्य प्रदेश-राजस्थानच्या लाईनवर झोप येऊ नये म्हणून चहातून घेतात आणि नवीन पोरांना जुनेच ड्रायव्हर देतात, आपुलकीने देतात हे त्यातलं सगळ्यात वाईट. अफूचीच जात आहे ती, सवय लागते, घेतला नाही की अंग फुटतं, नाक गळतं, पोट बिघडतं, झोप येत नाही, चिडचिड होते. तुम्ही लिहिलेली चिडचिड त्यातली असू शकते. आणि तो बाळगणं अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, चेकपोस्टवर सापडला तर जेल. भांडून विचारू नका, ते झोपून उठले, जेवले की शांतपणे सांगा की मला कळलंय हे काय आहे आणि मी रागावलेली नाही, मला तुम्ही हवे आहात. सहा महिन्यांची सवय सुटते. एकदम घरीच बंद करायला लावू नका, सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभागात घेऊन जा, त्रास कमी व्हायला औषधं देतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फुकट नंबर आहे, आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलं तरी चालतं.

घोरणं आणि श्वास थांबणं, हे त्याच डॉक्टरला नक्की सांगा. झोपेत श्वास अडकणारा माणूस आठ तास झोपला तरी दमलेलाच उठतो आणि दिवसा स्टिअरिंगवर त्याचा डोळा लागतो, मग जागं राहायला तो काहीतरी शोधतो. कदाचित सगळं इथूनच सुरू झालं असेल. याला उपचार आहेत. तुम्ही रात्री दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरला दाखवायला, मिस्टरांना पण दाखवा, स्वतःचं घोरणं कुणाला माहीत नसतं.

फोनचं माझ्या घरी पण व्हायचं. माझी बायको फोन लावायची तेव्हा मी नेमका आरटीओसमोर कागद काढत असायचो नाहीतर घाटात, मी ओरडायचो, ती रडायची, मग मी पुढचे शंभर किलोमीटर तेच डोक्यात घेऊन चालवायचो. मग आम्ही वेळ ठरवली, रात्री साडेआठ, जेवायला थांबलो की मीच लावणार. आणि तिने लावला तर पहिला शब्द ‘थांबलाय का?’ नाही म्हटलं की लगेच ठेवायचा, राग न धरता. घरातली भांडणं, हप्ता, दुखणं, चालत्या गाडीत सांगू नका पण लपवू पण नका, थांबल्यावर सांगा, लपवलेलं त्यांना आवाजातून कळतं आणि मग ते आपल्या मनाने दहा गोष्टी रचत बसतात.

पोरीचं वाईट वाटून घेऊ नका, ती लहान आहे, तिला बारा दिवस म्हणजे फार मोठे. रोज साडेआठला व्हिडिओ कॉलवर तिला दाखवा, काही बोलली नाही तरी चालेल. घरी आल्यावर पहिला दिवस त्यांना झोपू द्या, दुसऱ्या दिवशी तिची अंघोळ, भरवणं त्यांच्याकडे द्या, तुम्ही बाजूला व्हा, दोन दिवसांत जाते ती त्यांच्याकडे.

एक काम तुम्हीच करा, बँकेत जाऊन त्यांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे का बघा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ रुपयांचा जीवनज्योती वेगळा, तो पण. वारस म्हणून तुमचं नाव आहे का ते पण बघा. अशुभ बोलतोय असं समजू नका, माझ्या लाईनवरच्या तीन मित्रांच्या बायका मी बघितल्यात, ज्यांना कागद कुठे आहेत हेच माहीत नव्हतं. आणि ताई, तुम्ही स्वतः जेवता का वेळेवर, हे पत्रात कुठे लिहिलं नाहीत.

प्रश्न : नवीन ड्रायव्हर आहे, नाशिक-कोलकाता कांद्याची लाईन. उस्ताद म्हणतो कुणाला उडवलं तर थांबायचं नाही, पब्लिक मारून टाकते. पण पळालं तर दहा वर्षं जेल असं ऐकलंय. नक्की काय करायचं? या विचारानेच गावातून गाडी नेताना घाम फुटतो.

उत्तर : उस्ताद खोटं बोलत नाहीये, पब्लिक मारते, मी बघितलंय. पण पूर्ण खरं पण नाही सांगितलं त्याने. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ वाचून घे एकदा. त्यात लिहिलंय की जखमीला दवाखान्यात पोचवायची सोय ड्रायव्हरने करायची, पण जमावाच्या रागामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तर सोडून, आणि जवळच्या पोलीस स्टेशनला लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं. म्हणजे जमाव येतो हे कायद्याला पण माहीत आहे. जमाव येतोय दिसलं तर तिथून निघ, पण निघताच ११२ ला फोन लाव, जागा सांग, माणूस जखमी आहे सांग, गाडीचा नंबर सांग, आणि सरळ पुढच्या पोलीस स्टेशनला गाडी नेऊन उभी कर. तुझा तो फोन रेकॉर्डवर राहतो. निघून जाणं आणि लपून बसणं यातला फरक तोच एक फोन आहे. जमाव नसेल, रात्र असेल, रस्ता रिकामा असेल तर थांबायचंच, १०८ लाव, त्या माणसाजवळ थांब. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार, म्हणून पैसे कोण भरणार या भीतीने कुणी उशीर करायची गरज नाही.

दहा वर्षांचं असं आहे की नवीन न्याय संहितेत कलम १०६ चं दुसरं पोटकलम आहे, अपघात करून न कळवता पळून गेला आणि माणूस गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. त्यावरूनच जानेवारी २०२४ ला देशभर गाड्या उभ्या राहिल्या होत्या, पंपांवर रांगा लागल्या होत्या आठवत असेल. मग १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम लागू न करता बाजूला ठेवलं. निष्काळजीपणाने मृत्यू याला पाच वर्षांपर्यंतचं पहिलं पोटकलम लागू आहेच. पण शिक्षेचे आकडे डोक्यात घेऊन गाडी चालवू नकोस, कळवायचं एवढं लक्षात ठेव, ते कुठल्याही कलमात तुझ्याच बाजूचं आहे.

भीती वाटते ती चांगल्या माणसाला वाटते आणि ती गावात गाडी हळू करण्यात वापर. शाळेच्या वेळा, बाजारचा दिवस, संध्याकाळची गुरं परत यायची वेळ, या तिन्हीला गाव आलं की ३० च्या वर जायचं नाही, डावीकडचा आरसा सारखा बघायचा, दुचाकीवाला डाव्या बाजूने घुसतो आणि दिसत नाही. कांदा सडतोय म्हणून व्यापारी ओरडेल. पण तुझ्या गाडीला ताडपत्री नीट बांधून मध्ये हवा खेळती ठेवलीस तर अर्ध्या दिवसाने कांदा मरत नाही, हे लासलगावचा कुठलाही हमाल सांगेल तुला.

आणि लायसन, आरसी, इन्शुरन्स, परमिट, फिटनेस, पीयूसी डिजीलॉकरला किंवा एमपरिवहनला टाकून ठेव, ते चालतं दाखवायला. एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ११२, १०८, हायवेचा १०३३, शेठचा आणि घरचा नंबर लिहून कॅबिनमध्ये सनव्हायझरला चिकटव. हात थरथरत असताना फोनमध्ये नाव शोधता येत नाही.